चार कळ्या वर, चार खाली

मुलुंड पूर्व
५ जानेवारी २०२५, रविवार

अक्का,

नमस्कार करते. तुम्ही तो घेतलात की नाही, ते मला हर्षदच्या चेहऱ्यावरून कळेलच.

काल संध्याकाळी त्याने पिशवी दारात ठेवली, "मामी, आईने दिलंय" एवढं बोलला आणि लगेच जिना उतरायला लागला. पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीत जान्हवीच्या रिसेप्शनचा मखमली घागरा आणि कागदाचा चिटोरा. 'जान्हवीच्या अन्वीला ८ फेब्रुवारीला पाच पूर्ण. ह्याचा फ्रॉक कर. सुलक्षणा.' सहा वर्षांत तुमच्याकडून आलेलं पहिलं अक्षर, आणि खाली सही सुलक्षणा. अक्का नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तुम्हाला अक्काच म्हणत आलेय, सुलक्षणा म्हणजे जणू रेशनकार्डावरचं नाव. असो. एवढी चपराक मला बसायलाच हवी होती.

फोन केला नाही, कारण तुम्ही उचलत नाही. उचललात तरी मी एकतर रडेन किंवा भांडेन. कागदावर दोन्हींना जरा लगाम बसतो. हर्षदचं ऑफिस इथेच आहे, तेव्हा जाता-येता त्याच्या डब्याच्या पिशवीत पत्र टाकत जाईन. दहिसर ते मुलुंड एवढा लांबचा प्रवास करतोच आहे, तर मामीचं हे ओझंही वाहू दे.

फ्रॉक मी करीन. आनंदाने करीन. तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगू शकला असतात. दहिसरमध्ये काय शिंपी नाहीत? मला सांगितलंत, म्हणून मी काल जेवायच्या आधी देवापाशी दिवा लावला, तेव्हा तुमच्या भावाने विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "सण आहे. तुला नाही कळायचा."

घागऱ्याबद्दल मात्र मला काही म्हणायचं नाही. झालं ते झालं. कापडच तसं निघालं, त्याला कोण काय करणार?

मशीन तुमचंच आहे अजून. काळं, सोनेरी वेलबुट्टी पार पुसलेलं. मोटर बसवून घेतली, पण चाक तेच. माझ्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तुम्ही ते टेम्पोत घालून आणलंत आणि म्हणालात, "भावाच्या पगारात साडी येईल, पण साडी मागायची लाज जाणार नाही. हे शिक." देवेशला तेव्हा राग आला होता. मला नव्हता आला. आमच्या श्रुतिकाचं कॉलेज त्याच मशीनवर झालं, हे मी तुम्हाला तोंडाने कधी सांगितलं नाही. आज लिहितेय.

अन्वीची मापं जान्हवीकडून मागवते.

तुमची
अनुपमा


१४ जानेवारी, संक्रांत

अक्का,

तिळगूळ पाठवलाय. गोड बोला असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? नुसता खा.

घागरा उसवायला घेतला. अख्खं घर वांगी रंगाचं झालंय. मखमल कापली की तिची लव सुटते हे माहीत होतं, पण ती चहात येते, उशीवर येते, देवेशच्या मिशीत जाऊन बसते हे नव्हतं माहीत. तो दिवसभर शिंकतोय आणि म्हणतोय, "अक्काने सूड घेतला." मी म्हटलं, घेऊ दे, तिचा हक्क आहे.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात मी कापड तसं निघालं असं म्हटलं होतं. ते खोडून टाका.

अस्तराची खालची शिवण मी उसवणार, तर हाताला नवे टाके लागले. माझे नव्हते. मी मशीनने मारली होती ती शिवण. हे हातचे, तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे. अख्खं दहिसर म्हणतं ना, सुलक्षणाबाईंची नजर गेली? ते टाके बघून मी खिडकीशी गेले आणि चष्मा काढून परत लावला. मग अस्तर उघडलं. आत प्रत्येक कळीच्या उलट बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा एक बाण. आठ कळ्या, आठ बाण. चार वर, चार खाली.

मी एकेका बाणावरून बोट फिरवलं, अक्का.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कळ्या मी उलटसुलट कापल्या होत्या. कळी म्हणजे घेराचा एकेक तुकडा, वर अरुंद, खाली रुंद. एक सुलटी ठेवली आणि तिच्या शेजारी दुसरी उलटी, की मधलं कापड वाया जात नाही. कॉटनच्या घागऱ्याला सगळं जग असंच कापतं, मीही शंभर घागरे तसेच कापलेत. पण मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी एका बाजूने ती मऊ लागते, दुसऱ्या बाजूने उभी राहते. लव वर गेली तर रंग गडद, खाली आली तर फिका. माझ्या डिप्लोमाच्या वर्गात मखमल नव्हतीच. तुमच्या बाबांच्या दशावतारी मंडळीतल्या राजांचे अंगरखे तुम्ही लहानपणापासून शिवत आलात, म्हणून तुम्हाला ते पाठ होतं. बाबा म्हणायचे ते तुम्ही मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं: "आधी लव बघ, मगे कातर लाव." मी हसले होते. मला वाटलं, ही आपली मालवणी म्हण असेल एखादी.

घागरा कापायच्या त्या सकाळी दहिसरला तुमच्या आतल्या खोलीत जमिनीवर मी कापत होते. तुम्ही चहा आणलात. मी मान वर न करता "तिथे ठेवा" म्हटलं. तो चहा तसाच गार झाला. ट्यूबच्या उजेडात मला सगळ्या कळ्या एकाच रंगाच्या दिसल्या. रिसेप्शनच्या हॉलमधल्या झगझगाटात जान्हवी स्टेजवर उभी राहिली, तेव्हा दिसलं. एक पट्टा गडद, एक फिका.

दुकानदाराने दोन ताग्यांचं कापड जोडून दिलं, असं मी तिथे सगळ्यांना सांगत सुटले. त्या दुकानदाराचीही मी माफी मागायला हवी, पण आधी तुमची.

तुम्ही लवेच्या दिशेचे बाण घालून दिलेत. परत चुकू नये म्हणून. एवढं कोण करतं अक्का?

अनुपमा


२६ जानेवारी

अक्का,

हर्षद म्हणाला, तुम्ही पत्र वाचलंत आणि फडताळात ठेवलंत. फाडलं नाहीत. तिळगूळ खाल्लात का विचारलं, तर म्हणे, "दोन खाल्ले, बाकी मी संपवले." दोन पुष्कळ झाले.

फ्रॉकचं सांगते, म्हणजे उरलेलं लिहायला मला धीर येईल. कळ्यांवर जुन्या शिवणीची भोकं तशीच दिसतात, मखमल काही विसरत नाही. त्यामुळे घेर मी भोकं टाळून मधल्या भागातून कापला. एकेक तुकडा वेगळा, कापड दुहेरी न घालता, तुमचा बाण वर ठेवून. प्रत्येक तुकड्यावर हात फिरवला, मग कातर. टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये. पहिल्यांदा मशीनवर घेतलं तर वरचा थर पुढे पळाला आणि खालचा मागे राहिला, शेवटी बोटभर फरक. उसवलं. मग तुमच्यासारखा कच्चा धावदोरा घातला, दुहेरी, जवळजवळ. दाब सैल केला, टाका लांब केला, वीतभर गेलं की मशीनचा पाय उचलायचा, कापडाला श्वास घेऊ द्यायचा. शिवण लवेच्या दिशेने. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, नुसती वाफ. तुम्ही हे सगळं कधी ना कधी बोलला होतात, मी भाजी निवडत ऐकलं होतं. माझ्या हाताला आठवलं, डोक्याला नाही.

पुढचा गळ्याचा भाग मात्र कळ्यांमधून बसेना, भोकं आडवी येत होती. तो मी नव्या कापडातून कापला. नवं म्हणजे तेच. त्याच ताग्यातलं.

ते माझ्याकडे होतं. उलटसुलट कापून जे दीड मीटर वाचलं, ते मी तुम्हाला दिलं नाही. श्रुतिकाला जाकीट करायचं मनात होतं. कापड तुमचं, मुलगी तुमची, लग्न तुमचं, आणि मी तुकडा पर्समध्ये घातला. हॉलमधला प्रकार झाल्यावर तो बाहेर काढायची सोय राहिली नाही. सहा वर्षं ट्रंकेच्या तळाशी होता. घडी उघडली तर त्यावर पांढरी रेघ पडली होती. वाफेने गेली, पण पूर्ण नाही. तेवढी मी शिवणीत घेतली.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. लिहून मोकळी होते.

कापायच्या आधी बाहेरच्या खोलीत तुमच्या विहीणबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घागरा तुम्ही का शिवताय, जान्हवीची आई एवढी शिवते ना?" मी म्हटलं, "अक्कांचं शिवण जुन्या पद्धतीचं हो. नाटकातल्या राजाला चालतं. आताच्या फिटिंगचं त्यांना काय कळणार?" तुम्ही स्वयंपाकघरात होतात. ऐकलंत की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

आणि हॉलमध्ये विहीणबाई हसत म्हणाल्या, "हा काय झेब्रा केलाय?" मी दुकानदाराचं नाव घेतलं. तेव्हा तुम्ही पुढे झालात. "दुकानदाराचा काही दोष नाही. कापताना मीच बिघडवला. नजर गेली माझी." सगळ्यांसमोर. माझ्या हातात आइसक्रीमची वाटी होती. मी ते खाल्लं, अक्का. संपेपर्यंत खाल्लं आणि एक शब्द बोलले नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या हॉलमध्ये होती. तुम्ही माझा धंदा वाचवलात, आणि त्या दिवसापासून तुमच्याकडे कुणी पोलकं टाकायला आलं नाही. तुम्ही तुमच्या दुसऱ्या मशीनवर चादर घातलीत, असं देवेश सांगायचा. मी विषय बदलायचे. तुम्ही बोलायचं बंद केलंत तेव्हा मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, हे सगळ्यात खरं आहे.

आठ तारखेला अन्वीच्या वाढदिवसाला मी बोरिवलीला जान्हवीकडे जातेय, फ्रॉक घेऊन. तिथे काय बोलायचं ते मी ठरवलंय. तुम्ही अडवू नका.

अनुपमा


९ फेब्रुवारी, रविवार

अक्का,

काल तुम्ही आला नाहीत. हर्षद म्हणाला गुडघा दुखतोय. मी धरून चालते की गुडघाच होता.

आधी फ्रॉक. अन्वीने घातला आणि छातीवरून खाली हात फिरवला, मग वर, मग परत खाली. "मामीआजी, इथे माझं नाव लिहिता येतं!" बोटाने लव फिरवून तिने पोटावर 'अ' काढला, पुसला, परत काढला. मग ओळीने सगळ्या पोरांनी तिच्या पोटावर अक्षरं काढली. रंग गळ्यापासून घेरापर्यंत एक, जांभळाच्या सालीसारखा. मी दिव्याखाली उभं करून तीनदा बघितलं.

केक कापायच्या आधी विहीणबाईंनी फ्रॉकचा घेर हातात धरून अन्वीला फिरवलं. "या वेळी झेब्रा नाही हां! बरं झालं अनुपमाला दिलात. जान्हवीच्या आईची नजर..."

मी म्हटलं, "झेब्रा माझा होता."

"म्हणजे?"

"घागरा मी कापला, मीच शिवला. लव बघितली नाही. अक्कांनी हातसुद्धा लावला नव्हता. त्यांनी माझी चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. त्यांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे."

माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण कॅरम खेळणारे पुरुषही थांबले. देवेशलाही मी सांगितलेलं नव्हतं. जान्हवीच्या हातात मेणबत्त्यांची डबी होती.

"सहा वर्षं, मामी?" ती म्हणाली. "आई मशीनपाशी जात नाही गं सहा वर्षं. मला वाटायचं तिला खरंच दिसत नाही. दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेली मी तिला! डॉक्टर म्हणे काही नाही, आणि ही म्हणे डॉक्टरला काय कळतं." ती आत निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही, मला जाता आलं नाही.

विहीणबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते माझे तीन ब्लाउज आहेत ना तुझ्याकडे, ते राहू देत. कापड तसंच पाठव." त्यांच्या दोन बहिणींनीही मान हलवली. मी म्हटलं, उद्या पाठवते. त्यांचं काही चुकलं नाही.

परतताना रिक्षात, घराजवळ आल्यावर देवेश म्हणाला, "उद्या मी जातो अक्काकडे." मी म्हटलं, "तू कशाला? चूक माझी, पाय माझे." मग तोच म्हणाला, "ती बोलावेल तेव्हा जा. न बोलावता गेलीस तर ती चहा करेल, पण बोलणार नाही."

तर मी वाट बघतेय. नाही बोलावलंत तरी माझी तक्रार नाही. मशीन तुम्ही दिलंत, विद्या तुम्ही दिलीत, नाव वाचवलंत, आणि शेवटी बाण घालून दिलेत. एवढं मला माझ्या माहेरानेही दिलं नाही. आयुष्यभर थँक्यू म्हणत बसले तरी मी मागेच राहणार.

अनुपमा


दहिसर
११ फेब्रुवारी

अनुपमा,

पत्रं मिळाली सगळी. हर्षद म्हणतो, आता पोस्टाने पाठवा, मी काय खाकी घातलीय का? हे शेवटचं आणतोय.

जान्हवी काल फ्रॉक दाखवायला आली होती. आधी तुझ्यावर भडकली, मग माझ्यावर, खोटं का बोललीस म्हणून. तिला जे सांगितलं ते तुला सांगते. एकदाच सांगेन, परत विचारू नकोस.

तू विहीणबाईंना बोललीस ते मी ऐकलं होतं. चहा गाळत होते. नाटकातल्या राजाला चालतं म्हणालीस, ते माझ्या बाबांच्या अंगरख्यांबद्दल होतं गो. मग मी चहा घेऊन दारात आले. तू कळ्या मांडत होतीस. एक सुलटी, एक उलटी. मी बघितलं. कातर अजून लागली नव्हती. "अगो थांब" एवढंच म्हणायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी गिळलं. म्हटलं, कापू दे. डिप्लोमावाली आहे ना, कळू दे तिला. तू म्हणालीस तिथे ठेवा, मी ठेवला आणि गेले. माझ्या पोरीची मखमल मी डोळ्यादेखत कापू दिली.

हॉलमध्ये मीच बिघडवला म्हटलं, ते तुझ्यासाठी नव्हतं. खरंच होतं ते. नजर गेली म्हटलं तेवढं खोटं.

नंतर तुझ्याशी बोलायचं तर हे सांगावं लागलं असतं. तुला वाटलं मी रुसले. मीही तसंच वाटू दिलं, सोपं होतं ते. मशीनवर चादर घातली, कारण बसलं की बाबांचा आवाज यायचा. तू मला देवी करून ठेवलीयेस चार पत्रांत. मी चहा घेऊन दारात उभी राहिलेली बाई आहे. थँक्यू मी म्हणायला हवं, तू आधी बोललीस.

दीड मीटरचं म्हणशील, तर कापायच्या आदल्या रात्रीच मी कापड मोजलं होतं, किती उरणार ते मला माहीत होतं. श्रुतिकाला जाकीट झालं असेल असं धरून चालले होते. झालं असतं तर बरं होतं.

फ्रॉक बघितला. डाव्या खांद्याला एक टाका सैल आहे. बाकी खोड काढायला जागा नाही. विहीणबाईंचे ब्लाउज जाऊ देत. फिटिंगसाठी परत येतीलच, दुसरीकडे कोण त्यांचं ऐकून घेणार?

आता कामाचं. इथल्या आमच्या दशावतारी मंडळींना जत्रेच्या नाटकासाठी राजाचे दोन अंगरखे हवेत. सहा वर्षं विचारतायत, मी नाही म्हणत होते. काल हो म्हटलं. लाल मखमल आलीय, सात मीटर. एकटीने होणार नाही. शनिवारी ये. मशीनवरची चादर मी काढून ठेवते, तेल तू घाल.

मांडायचं तू, कापायचं तू. चहा या वेळी आधी पिऊ. आणि मी दारात उभी राहणार नाही, तुझ्या शेजारी बसेन.

अक्का